७८ युनिट, तरी ट्रान्सफर नाही: कॅलिफोर्नियातल्या लॅटिनो मुलांची अडकलेली वाट

ती टेबलाशी येऊन बसली, बॅगेतून ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे आतापर्यंतच्या कोर्सांच्या नोंदीचा, कागद काढला, तळहाताने सपाट केला आणि तळाच्या आकड्यावर बोट ठेवलं. ७८. "साठ लागतात ना? माझे अठ्ठ्याहत्तर झालेत. तरी मी पात्र नाही म्हणतात. असं कसं?"

२०२२ चा मार्च. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी आठवड्यातून तीन संध्याकाळी गणित आणि स्टॅटिस्टिक्सच्या अडचणी सोडवायला बसते. मूळची मी तासगावकडची. इथे आल्यावर पहिली ओळखीची गोष्ट दिसली ती द्राक्षांचे मळे. तीच थॉमसन सीडलेस, तोच बेदाणा. आमच्याकडे बेदाणा शेडमधल्या जाळ्यांवर सुकतो; फ्रेस्नोच्या आसपास वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद अंथरून द्राक्षं उन्हात वाळवायची जुनी पद्धत. ऑगस्टअखेरीला ते काम सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच कॉलेजचं सेमिस्टरही. पहिल्या दोन आठवड्यांत कोणकोण वर्गात दिसत नाही ते पाहिलं, की कोणाच्या घरचं पोट मळ्यावर आहे ते कळतं.

तर ७८. हा हिशेब करून देणं खरं तर काउन्सेलरचं काम, माझं नाही. पण काउन्सेलरची भेट तीन आठवड्यांनंतरची मिळाली होती आणि तिचा चेहरा तीन आठवडे थांबण्यासारखा नव्हता. मी पेन्सिल घेतली. सुरुवातीच्या दोन वर्षांत तिने उजळणीचं गणित आणि उजळणीचं इंग्रजी घेतलं होतं, इथे त्याला रेमेडियल म्हणतात. त्याचे १६ युनिट. कॉलेजने शिकवले, ती पास झाली, पण युनिव्हर्सिटी ते मोजत नाही. एक रेघ मारली. मग दवाखान्यातल्या मदतनिसाच्या सर्टिफिकेटचे १२. त्याच्या जोरावर तिला क्लिनिकमध्ये नोकरी लागली होती, त्यामुळे ते वाया गेले असं म्हणवत नाही. पण पदवीच्या खात्यात तेही शून्य. दुसरी रेघ. उरले ५०. आणि त्या पन्नासांत स्टॅटिस्टिक्स नव्हतं, जे सायकॉलॉजीला जाणाऱ्याला चुकत नाही.

मध्ये करोनाचं एक वर्ष धरून साडेचार वर्षं झाली होती. ती काही बोलली नाही. कागदाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली.

तिचं नेमकं कुठे चुकलं, हे सांगायचं तर ही सगळी यंत्रणा कशी चालते ते सांगावं लागेल.

आधी ट्रान्सफर म्हणजे काय

आपल्याकडे दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून मुलं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात. ट्रान्सफर त्याच जातकुळीतलं. पहिली दोन वर्षं घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात करायची, मग थेट तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटीत जायचं. पदवीच्या कागदावर नाव फक्त युनिव्हर्सिटीचं येतं. बर्कली युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षापासून असलेला मुलगा आणि तिसऱ्या वर्षाला आलेला मुलगा, दोघांच्या प्रमाणपत्रात काडीचा फरक नसतो.

पण एक मोठा फरक आहे. आपल्या डिप्लोमाचा अभ्यासक्रम ठरलेला असतो, ताट वाढूनच समोर येतं. इथे बुफे आहे. कोणता कोर्स कधी घ्यायचा ते विद्यार्थ्याने ठरवायचं, आणि जेवण संपत आल्यावर कळतं की ताटातले काही पदार्थ मोजायचेच नव्हते.

मोजमाप युनिटमध्ये. साधारणपणे आठवड्याला एक तास वर्ग, असं पूर्ण सेमिस्टर चाललं की एक युनिट. बहुतेक कोर्स तीन ते पाच युनिटांचे. युनिव्हर्सिटीला चालतील असे ६० युनिट झाले की तिसऱ्या वर्षाचं दार. दोन वर्षांत साठ म्हणजे दर सेमिस्टरला १५. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटची फी ४६ डॉलर, २०१२ पासून तेवढीच, आणि कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना तीही माफ होते. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत, विद्यार्थी २० लाखांच्या घरात. प्रवेश परीक्षा नाही. शाळेतले मार्क कोणी विचारत नाही. चाळिशीतला ट्रक ड्रायव्हर आणि नुकती शाळा संपवलेली पोरगी एकाच बाकावर.

माझ्या मते या राज्याने केलेल्या सगळ्यात उदार गोष्टींपैकी ही एक. शाळेत नापास व्हायला लागलेल्या मुलाला दोन वर्षांनी बर्कलीचं दार ठोठावता येतं, तेही एसएटीसारखी परीक्षा न देता.

ही रचना १९६० च्या मास्टर प्लॅनमधून आली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क केर हे त्यामागचं मुख्य डोकं. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांनी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे बोलीभाषेत यूसीत जायचं. वरच्या एक तृतीयांशासाठी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे कॅल स्टेट. बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज उघडं. अशी वर्गवारी करायची तर खालच्या पायरीवरच्यांना वर यायची वाट ठेवायलाच हवी, म्हणून युनिव्हर्सिटींनी वरच्या दोन वर्षांच्या जागा खालच्या दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवाव्यात, ६० ला ४० या प्रमाणात, असंही त्यात ठरलं. ट्रान्सफर ही काही नंतर सुचलेली सवलत नाही. मूळ करारातलंच कलम आहे ते.

लॅटिनो कोण, आणि प्रश्न त्यांचाच का

आपल्याकडे लॅटिनो म्हटलं की "मेक्सिकोतून आलेले" एवढंच डोळ्यांसमोर येतं. लॅटिन अमेरिकेत ज्यांची मुळं आहेत ते लॅटिनो; त्यांत मेक्सिको, एल साल्वादोर, ग्वातेमाला, सगळे आले. हिस्पॅनिक हा शब्द स्पॅनिश भाषेशी जोडलेला, त्यामुळे पोर्तुगीज बोलणारा ब्राझिलियन लॅटिनो ठरतो पण हिस्पॅनिक ठरत नाही. कॅलिफोर्नियातल्या लॅटिनोंत बहुसंख्य मेक्सिकन वंशाचे, आणि त्यांतले कितीतरी इथेच जन्मलेले नागरिक. काहींचे पूर्वज तर इथून हललेच नाहीत. १८४८ मध्ये युद्धानंतर सीमाच त्यांच्या अंगावरून सरकली. राज्याच्या लोकसंख्येत आज सर्वांत मोठा गट त्यांचाच आहे, सरकारी शाळांत निम्म्याहून जास्त मुलं त्यांची आणि कम्युनिटी कॉलेजांत जवळपास निम्मी.

म्हणजे ही वाट नीट चालली तर राज्यातल्या सगळ्यात मोठ्या समाजाची एक पिढी वर सरकते. आणि नाही चालली, तर तीच पिढी अडकते.

किती चालते? राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला. २०१७ ते २०१९ या काळात ट्रान्सफरचा इरादा धरून कॉलेजात आलेल्यांपैकी चार वर्षांत खरोखर पुढे गेले ते साधारण पाचांत एक. लॅटिनो आणि कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण त्याहूनही कमी.

हा आकडा ऐकला की वाटतं, युनिव्हर्सिटी नाकारत असतील. तसं नाही. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजातून यूसीला अर्ज करणाऱ्या चारांतल्या साधारण तिघांना कुठल्या ना कुठल्या कॅम्पसवर जागा मिळते. कॅल स्टेटचं दार तर त्याहून रुंद. गळती नकाराच्या पत्रापाशी होतच नाही. ती अर्जाच्या कितीतरी आधी होते, पहिल्या-दुसऱ्या सेमिस्टरला, आणि मुलांना तेव्हा त्याचा पत्ताही नसतो. माझ्या टेबलावरची ती ७८ वाली मुलगी कुठेच नापास झाली नव्हती.

गळती कुठे होते

सगळ्यात मोठं भोक होतं गणिताचं, आणि ते बरंचसं बुजवलंय, म्हणून त्याबद्दल सविस्तर.

पूर्वी कॉलेजात नाव घातलं की एक चाचणी द्यावी लागे. तिच्यावरून ठरे की मुलाला अंकगणितापासून सुरुवात करायची, का बीजगणितापासून. तळाला पडलेल्या मुलाला कॉलेजच्या गणितापर्यंत पोचायला चार-चार पायऱ्या चढाव्या लागत, एक पायरी म्हणजे एक सेमिस्टर. कागदावरचं गणित करून बघा. समजा प्रत्येक पायरीवर शंभरातले ७० पास होतात, जे काही वाईट प्रमाण नाही. पहिल्या पायरीनंतर ७०, दुसरीनंतर ४९, तिसरीनंतर ३४, चौथीनंतर २४. आता कुठे खरा कॉलेजचा कोर्स सुरू, आणि तो पास होणारे १७. कोणीही दुष्ट नाही, शिक्षक प्रामाणिकपणे शिकवतायत, आणि तरीही ८३ मुलं रस्त्यात सांडली. शिवाय हे धरलं ते प्रत्येक पास झालेला पुढच्या सेमिस्टरला परत येतो असं मानून. तसं कुठे होतं? मध्येच बाप आजारी पडतो, गाडी बंद पडते, शिफ्ट बदलते.

या पायऱ्यांच्या तळाशी लॅटिनो मुलं जास्त असायची, कारण चाचणीची तयारी कशी करायची हे ज्यांच्या घरात माहीत असतं त्यांची मुलं चाचणीत वर निघतात. चाचणी बुद्धी मोजते असं आपल्याला वाटतं. या चाचणीत बऱ्याच जणांचं तीन वर्षांपूर्वीचं विसरलेलं बीजगणित मोजलं जात होतं.

२०१७ चा कायदा, एबी ७०५, इथे कामाला आला. २०१९ पासून कॉलेजांना शाळेतले मार्क बघून मुलांना शक्यतो थेट कॉलेजच्या गणितात आणि इंग्रजीत बसवावं लागतं, सोबत लागेल तेवढी मदत देऊन. माझी संध्याकाळची टेबलं त्या मदतीचाच भाग. सगळ्यांना हे पटलेलं नाही. माझ्या ओळखीचे दोन गणिताचे प्राध्यापक आजही म्हणतात की कच्च्या पायावर मजला चढवताय. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांना तर आता शक्यतो थेट कॅल्क्युलसमध्येच बसवायचं, यावरून जोरदार वाद चालू आहे आणि त्यात मला त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण स्टॅटिस्टिक्सपुरतं सांगते: ज्या मुलांना पूर्वी अपूर्णांकांत दोन वर्षं घालवायला लावलं असतं, ती मुलं माझ्यासमोर प्रमाण विचलन काढतात. रडतखडत काढतात, पण काढतात.

७८ वाली मुलगी २०१७ मध्ये आली होती. दोन वर्षं उशिरा जन्मली असती तर ते १६ युनिट वाचले असते.

दुसरं भोक कागदाचं. कॉलेजातला एखादा कोर्स युनिव्हर्सिटीतल्या अमुक कोर्सच्या बरोबरीचा आहे, असा करार कॉलेज आणि युनिव्हर्सिटी यांच्यात व्हावा लागतो. ११६ कॉलेजं, यूसीचे पदवी शिकवणारे नऊ कॅम्पस, कॅल स्टेटचे वीसेक, आणि प्रत्येकाचे पन्नास-पन्नास विषय. किती करार होतील ते बघा. हे सगळे 'असिस्ट' नावाच्या सरकारी वेबसाइटवर असतात. ती मोफत आहे, उत्तम आहे, आणि पहिल्यांदा उघडणाऱ्याला घाम फोडणारी आहे. एकाच विषयासाठी एका कॅम्पसला एक कोर्स लागतो, दुसऱ्याला तो नको पण भलताच एक हवा असतो. दोन्ही दारं उघडी ठेवायची तर दोन्ही घ्या. महाराष्ट्रात विद्यापीठ बदलताना ज्याने मायग्रेशन आणि एलिजिबिलिटीसाठी खिडक्या पालथ्या घातल्यात, त्याला याची चव लगेच कळेल. फक्त इथे खिडकीवर कोणी खेकसत नाही. कोणीच काही बोलत नाही, हाच घोळ.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या लेखा कार्यालयाने २०१७ मध्ये देशभरातल्या सगळ्या प्रकारच्या ट्रान्सफरांचा हिशेब केला, तर विद्यार्थ्यांनी कमावलेल्या क्रेडिटांपैकी सरासरी ४३ टक्के नव्या ठिकाणी धरले गेले नव्हते. आणि नुसता वेळ जात नाही. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठीचं केंद्राचं अनुदान, पेल ग्रँट, आयुष्यात १२ पूर्ण सेमिस्टरांपुरतंच मिळतं. न मोजल्या जाणाऱ्या कोर्सांवर त्यातली तीन-चार सेमिस्टरं खर्ची पडली, तर पदवीच्या शेवटच्या वर्षी, खर्च सर्वांत जास्त असताना, हात रिकामा.

तिसरं वेळेचं. दर सेमिस्टरला १५ युनिट म्हणजे वर्ग आणि अभ्यास धरून पूर्णवेळ नोकरीइतका वेळ. इथली बहुसंख्य मुलं अर्धवेळ शिकतात, सहा-सात युनिट घेतात. घरात पगार द्यावा लागतो, धाकट्यांना शाळेतून आणावं लागतं, आजीला दवाखान्यात नेऊन डॉक्टरचं इंग्रजी स्पॅनिशमध्ये सांगावं लागतं. सात युनिटांच्या वेगाने साठ व्हायला साडेचार वर्षं लागतात. दोन वर्षांचं कॉलेज हे नावापुरतंच.

चौथं जागेचं, आणि ते आपल्या वाचकांना समजावून सांगायला लागू नये. मुलगी चारशे किलोमीटरवर जाणार, एकटी राहणार, हे घरात बोलायचं कसं? मेक्सिकोच्या सीमेलगत इंपीरियल व्हॅली कॉलेज आहे, जवळजवळ सगळी मुलं लॅटिनो. यूसीचा सर्वांत जवळचा कॅम्पस सॅन डिएगोला, डोंगर ओलांडून दीडशे-दोनशे किलोमीटर. सीमेवरच्या कलेक्सिको गावात कॅल स्टेटपैकी सॅन डिएगो स्टेटचा एक छोटा कॅम्पस आहे, तिथे जे मोजके विषय शिकवतात त्यातलाच एखादा आवडून घ्यायचा. आईबाप शिकू नको म्हणत नाहीत हो. उलट घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "एचाले गानास", म्हणजे जोर लाव, जीव ओतून कर. कशात ओतायचा, ते मात्र त्यांनाही माहीत नसतं. सहावीत शाळा सुटलेल्या बापाला विषय निवडीतली खोच कशी कळावी?

पाचवं कागदपत्रांचं. कितीतरी घरांत धाकटा भाऊ नागरिक, थोरली बहीण विनाकागद. २००१ च्या एबी ५४० कायद्याने कॅलिफोर्नियात तीन वर्षं हायस्कूल केलेल्या विनाकागद मुलांना रहिवाशांची फी लागू झाली, २०११ च्या कायद्यांनी राज्याची शिष्यवृत्तीही खुली झाली. केंद्राची मिळत नाही. आणि धाकट्याने केंद्राच्या मदतीचा फॉर्म भरायचा तर त्यात आईबापांची माहिती येते. तो फॉर्म भरावा की नाही, यावर घरात रात्र-रात्र चर्चा चालते. २०२५ मध्ये तर ही भीती कोपऱ्याकोपऱ्यावर होती. माझ्या टेबलावरची दोन मुलं त्या वर्षी यायचीच थांबली.

मग आरक्षण का नाही?

मराठी माणसाला हे सांगायला लागलं की तिसऱ्या मिनिटाला हा प्रश्न येतो. उत्तर असं, की चालत नाही. १९७८ च्या बाके खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातला ठरावीक जागांचा कोटा रद्द केला. खटला यूसीच्याच डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाचा होता. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन २०९ मंजूर करून सरकारी संस्थांत वंशाच्या आधारे झुकतं माप देण्यावर बंदी घातली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली वाटही देशभर बंद केली.

त्यामुळे जो भार आपल्याकडे आरक्षण उचलतं, त्याचा मोठा हिस्सा इथे ट्रान्सफरच्या वाटेवर येऊन पडलाय. कोणाची जात-वंश न विचारता, नुसती ही वाट दुरुस्त केली तरी लॅटिनो मुलं वर येतात, कारण वाटेवर गर्दी त्यांचीच आहे. म्हणूनच इथे शिक्षणमंत्र्यांच्या भाषणापेक्षा "कोर्स नंबर समान करा" असल्या रटाळ कायद्यांनी जास्त फरक पडतो.

आपल्या मुलांची शिक्षणाची वाट अडलेली आहे, ही लॅटिनोंची जाणीव नवी नाही. मेंडेझ खटल्यामुळे १९४७ मध्ये कॅलिफोर्नियात मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळांना मूठमाती मिळाली. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधली हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. साल कॅस्ट्रो नावाचे शिक्षक त्यांच्यासोबत होते. एक तक्रार अशी होती की आम्हाला कॉलेजचा रस्ता दाखवण्याऐवजी सुतारकाम नाहीतर शिवणकाम हातात देता. त्याच भागातल्या ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजातून अँतोनियो व्हियारायगोसा यूसीएलएला, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसला, ट्रान्सफर झाले आणि २००५ ते २०१३ लॉस एंजेलिसचे महापौर होते. वाट चालते तेव्हा अशी चालते.

मला स्वतःला सगळ्यात शहाणा वाटलेला प्रयोग मात्र लहानसाच आहे. १९८१ मध्ये हेवर्डच्या शाबो कॉलेजात फेलिक्स गालाविझ हे काउन्सेलर आणि पॅट्रिशिया मॅकग्रा या इंग्रजीच्या शिक्षिका यांनी लॅटिनो मुलांच्या जुन्या ट्रान्सक्रिप्ट काढून वाचल्या. त्यातून दिसलं, की ही मुलं काउन्सेलरला टाळतात, कॉलेजच्या इंग्रजी लेखनाच्या कोर्सला बिचकतात आणि बहुतेकांच्या घरातून कॉलेजात आलेलं हे पहिलंच माणूस. मग दोघांनी तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या: वर्षभर एकाच गटाला इंग्रजी लेखन, तोच काउन्सेलर सतत वर्गात, आणि समाजातलाच एक शिकलेला माणूस मार्गदर्शक म्हणून. नाव ठेवलं पुएंते. स्पॅनिशमध्ये पुएंते म्हणजे पूल. आता तो राज्यभर कितीतरी कॉलेजांत चालतो. यात मला भावतं ते हे, की काउन्सेलरकडे जायचं धाडस मुलाने करायचं नाही. काउन्सेलरच समोर बसलेला.

वाट किती दुरुस्त झाली

२०१० मध्ये अॅलेक्स पॅडिया या राज्य सिनेटरने एसबी १४४० हा कायदा आणला. आईवडील मेक्सिकोतून आलेले, वडील हॉटेलात स्वयंपाकी, आई लोकांची घरं साफ करणारी. पुढे तेच अमेरिकेच्या सिनेटवर गेले. कायदा सरळ होता: कॉलेजात ६० युनिटांची ठरावीक 'ट्रान्सफर पदवी' घ्या, कॅल स्टेटमध्ये जागा नक्की, आणि तिथे आणखी ६० युनिटांत पदवी पूर्ण. बुफेत एक राइस प्लेट आली म्हणायची.

तिच्यातही खोच आहे. कॅल स्टेटमध्ये जागा नक्की, पण हव्या त्या कॅम्पसवर नक्की नाही. सॅन डिएगो किंवा लाँग बीचला गर्दी झाली तर सांगतात, दुसऱ्या कॅम्पसवर जागा आहे. ज्याला घर सोडता येत नाही त्याला हे आश्वासन अर्धंच. यूसीवर या पदवीचं असं बंधन नाही. सहा यूसी कॅम्पस अटी पूर्ण करणाऱ्याला आगाऊ हमी देतात, त्यासाठी सप्टेंबरमध्येच वेगळा अर्ज लागतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्या सहांत नाहीत.

कॅल स्टेट आणि यूसी यांच्या सामान्य विषयांच्या याद्याही कित्येक वर्षं वेगवेगळ्या होत्या. २०२१ च्या एबी ९२८ कायद्याने त्या एक केल्या, आणि २०२५ च्या शरद सेमिस्टरपासून कॅल-जेट्सी नावाची एकच ३४ युनिटांची यादी दोन्हीकडे चालते. एवढी साधी गोष्ट व्हायला मास्टर प्लॅननंतर ६५ वर्षं लागली.

उलट दिशेनेही गोष्टी घडतात. पदवीच्या विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक असलेल्या संस्थांना केंद्राकडून वेगळा निधी मिळायचा; कोटा नव्हता, संस्थेला ग्रंथालय, शिकवणी, काउन्सेलर यांसाठी पैसे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने वंशाच्या टक्केवारीवर आधारलेला म्हणून तो बराचसा थांबवला. माझ्यासारख्या संध्याकाळच्या टेबलांचा पगार अशाच पैशांतून निघतो.

जाता जाता एक आपल्याकडचं. बे एरियातल्या मराठी घरांत आता डि अँझा कॉलेजचं नाव अभिमानाने घेतात: दोन वर्षांचे हजारो डॉलर वाचवा, मग थेट बर्कली. ओळखीच्या एका घरात मुलगी दहावीत असताना बापाने असिस्टवरून एक्सेल शीट बनवली, चार कॅम्पसचे चार रंग. मुलगी दोन वर्षांत, एकही युनिट न सांडता गेली. वाट तीच, फी तीच, वेबसाइट तीच. माझ्या टेबलावरच्या मुलीकडे रंगीत शीट नव्हती, एवढाच फरक, आणि तो साडेचार वर्षांचा निघाला.

तिचं पुढे असं झालं. काउन्सेलरने माझ्या पेन्सिलीच्या रेघा बरोबर ठरवल्या, वर एक चांगली बातमी दिली की राहिलेले दहा युनिट तीन कोर्सांत बसतात. उन्हाळ्यात तिने एक केला. शरदात स्टॅटिस्टिक्स घेतलं, क्लिनिकची शिफ्ट सकाळची करून घेतली आणि सोम-बुध सात वाजता माझ्यासमोर बसू लागली. तिसरा वसंतासाठी ठेवला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, कॅल स्टेटच्या अर्जाची मुदत संपायला दोन दिवस असताना, ती लॅपटॉप घेऊन आली. बाहेर व्हॅलीतलं दाट धुकं, पार्किंगमधले दिवे नुसते पिवळे ठिपके. एका पानावर ती थांबली. आईवडिलांचं शिक्षण कुठवर, असा प्रश्न होता. वडिलांचं तिला माहीत होतं. आईचं कधी विचारलंच नव्हतं. तिने फोन लावला, स्पॅनिशमध्ये दोन मिनिटं बोलली, मध्ये एकदा हसली.

"तिसरी," ती मला म्हणाली. "मला वाटलं होतं सहावी."

यादीत सगळ्यात वरचा पर्याय होता, हायस्कूल नाही. तिने त्यावर क्लिक केलं आणि पुढचं पान उघडलं.